कलमांवरच्या फांद्या कापताना चेनसॉ वाकडा चालतो. चढण्याची पद्धतही बदलायची आहे

कलमबाग_लांजा

लांजा तालुक्यात आमची हापूसची तीसेक जुनी कलमे आहेत. त्यांची उंची ३५ ते ४० फुटांवर गेली असून वरच्या फांद्यांवर बांडगुळाचे मोठाले झुबके झाले आहेत. पाऊस पूर्ण उघडल्यावर बांडगूळ लागलेल्या आणि वाळलेल्या फांद्या काढून घ्यायच्या आहेत. आमच्याकडे ५८ सीसीचा, २२ इंची पट्टीचा चेनसॉ आहे. गेल्या हंगामापासून त्याचा काप उजवीकडे वळत जातो, ढलप्या पडण्याऐवजी पिठासारखा भुसा पडतो आणि पट्टीच्या टोकाशी धूर येतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून नवी चेन घातली. पहिल्यांदा धार लावीपर्यंत ती उत्तम चालली, नंतर पुन्हा तेच. शिवाय आमचा गडी कमरेला काथ्याचा दोर बांधून चढतो आणि हाच चेनसॉ वर ओढून घेतो. ते मला पाहवत नाही. नेमके काय बदलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कानसवाला

आपण दिलेल्या माहितीतच निम्मे उत्तर आहे. नवी चेन सरळ चालली आणि धार लावल्यावर बिघडली, म्हणजे दोष बहुतेक धार लावण्यात आहे. उजव्या हाताने कानस चालवणाऱ्याचा एका बाजूच्या दातांवर जोर जास्त बसतो, त्यामुळे ते दात आखूड होत जातात. मग लांब राहिलेले दात लाकडात जास्त शिरतात आणि काप त्या बाजूला वळतो. चेनवरचा सर्वांत आखूड दात शोधून बाकीचे सगळे त्याच्या मापाला आणावेत. आपल्या यंत्रावर .३२५ पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचे माप) चेन असेल, तर ४.८ मिमी जाडीची गोल कानस लागते; पिच पट्टीवर किंवा चेनच्या कडीवर कोरलेला असतो, तो आधी वाचावा. कानस ३० अंशांत धरून फक्त पुढे ढकलावी, मागे ओढताना उचलावी, आणि प्रत्येक दाताला मोजून तितकेच हात मारावेत. दातापुढचा जो छोटा उंचवटा असतो, तो दातापेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली हवा. दात घासून खाली येतात आणि हा उंचवटा तसाच राहतो, म्हणून धार असूनही चेन लाकूड धरत नाही; माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत ही चूक सर्रास दिसते.

पट्टी काढून तिच्या दोन्ही कडा सपाट लादीवर उभ्या धरून पाहाव्यात. एक कड खचली असेल, तर कितीही धार लावली तरी काप वाकडाच जाणार. दर वेळी धार लावताना पट्टी उलटी करून बसवावी, खोबणीतला चिकट गाळ काढावा आणि तेलाचे भोक सुईने मोकळे करावे. नंतर पट्टीचे टोक पांढऱ्या पुठ्ठ्यावर वीतभर उंच धरून यंत्र चालवावे. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली नाही, तर धुराचे कारण तेच. गाडीचे जळके ऑइल तेथे कृपया घालू नये, त्यातला धातूचा कीस पंप आणि पट्टी दोन्ही खातो. चेन गरम असताना सैल दिसते म्हणून ताणू नये. थंड झाल्यावर ती आवळून पट्टीवर आणि क्रँकच्या बेअरिंगवर ताण देते.

दोरावरचा

धारेविषयी वर लिहिलेले योग्यच आहे. मी चढण्याविषयी लिहितो, कारण मला त्याचीच धास्ती अधिक वाटते. २२ इंची पट्टीचे ते धूड जमिनीवर आडव्या खोडासाठी आहे. ते झाडावर नेऊच नये. फांदीवर अर्धवट टेकून ते पेलताना पट्टीच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला लागला, की यंत्र डोळ्याचे पाते लवायच्या आत तोंडाकडे उसळते. बांडगूळ लागलेल्या मनगटाएवढ्या फांद्यांना घडीची हातकरवत पुरते. काप बांडगुळाच्या गाठीच्या खाली, निरोगी लाकडात घ्यावा.

काथ्याचा दोर माडावर चढण्याच्या कौशल्याचा भाग आहे, त्याला कमी लेखत नाही. परंतु चालू चेन कोणत्याही साध्या दोराला एकदा टेकली, तरी तो तुटतो. म्हणून वर चेनसॉ वापरायचाच असेल, तर तो वरच्या मुठीचा लहान चेनसॉ असावा, माणूस दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेला असावा आणि त्यांपैकी एक दोर पोलादी तारेच्या गाभ्याचा असावा. बांधकामावरचा, पाठीत कडी असलेला हार्नेस (अंगात घालायचा सुरक्षा पट्टा) पडताना अडवतो. पण टेकून उभे राहून दोन्ही हात मोकळे ठेवायला कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला लागतो. मुख्य दोर जिवंत, जाड फांदीच्या बेचक्यात टाकावा, आणि माणूस वर लटकून राहिला तर त्याला खाली आणू शकणारा दुसरा माणूस खाली हजर असावा. वीजवाहिनी जवळ असेल, तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय झाडाला हात लावू नये.

जाड फांदी तीन कापांत काढावी. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, जाडीच्या पाव भागापर्यंत; दुसरा त्याच्या किंचित पुढे वरून, म्हणजे फांदी साल न ओरबाडता तुटते; आणि उरलेला खुंट शेवटी, फांदीच्या बुडाची फुगीर कड शाबूत ठेवून. खुंट राखला तर तेथे कूज शिरते, कड कापली तर जखम भरत नाही. कापावर लगेच बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावावी. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण नेहमीचे आहे.

कलमबाग_लांजा

दोघांचे आभार. आज चेन काढून व्हर्नियरने मापली. डावीकडचे दात साडेसहा मिमी, उजवीकडचे आठ! पट्टी कधीच उलटवली नव्हती. खालच्या खोबणीत चीक आणि भुसा दगडासारखा बसला होता. पेट्रोलचेही विचारून घेतो: मागच्या मे महिन्यात ऑइल मिसळलेले दोन लिटर कॅनमध्ये आहे, ते चालेल का?

कानसवाला

ते यंत्रात घालू नये. आताच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावा धरते आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारूच नका. खाली पाणी बसले, की ते कार्बोरेटरमध्ये जाते. महिनाभरात संपेल एवढेच मिसळावे. ५० ला १ प्रमाणासाठी लिटरला २० मिलि टू-टी ऑइल, २५ ला १ साठी ४० मिलि; यांपैकी कोणते, ते यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे आणि औषधाच्या मापाने मोजून घालावे, बाटलीच्या झाकणाने नव्हे. हंगाम संपला, की टाकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवावे. डावीकडचे दात साडेसहावर आले असले, तरी चेन टाकून देऊ नका. उजवीकडचे तितकेच उतरवा, उंचवटे चपट्या कानसीने खाली घ्या आणि पहिला काप जमिनीवरच्या ओंडक्यावर घेऊन पाहा.