डायनमो बदलण्याआधी अर्थिंग तपासावे

जुन्या ॲम्बॅसेडरची बॅटरी रात्रीच्या प्रवासात उतरते, म्हणून डायनमो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे जुन्या पद्धतीचे जनित्र) काढून अल्टरनेटर (त्याच कामाचे नव्या पद्धतीचे जनित्र) बसवावा का, असे आपण विचारले आहे. जरूर बसवावा; परंतु त्याआधी मूळ दोष शोधावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिनला वेग दिल्यावर १४ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. लातूरला माझ्या गाडीच्या दोन बॅटऱ्या बदलूनही दुखणे गेले नाही. अखेर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी गंजलेली अर्थिंगची, म्हणजे विजेच्या परतीच्या मार्गाची, पट्टी घासून घट्ट केली, तेव्हा चार्जिंग सुधारले. आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटरीतील पाणीही झपाट्याने आटते, तेही पाहावे.

अल्टरनेटर बसवताना काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते हे ध्यानात ठेवावे, कारण तशाच जोडणीवर अल्टरनेटर लावल्यास त्यातील डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तत्काळ जळतात. बॅटरीकडे जाणारी मुख्य वायर अधिक जाड घ्यावी. डॅशबोर्डवरील चार्जिंगचा दिवा शाबूत हवा. अनेक अल्टरनेटरांना सुरुवातीचा प्रवाह त्या दिव्यातूनच मिळतो.