टोरेंटने अख्ख्या घराचं नेट बसतं: भाडेकरूंना बंदी करावी की लाइन नीट लावावी?

रामबागकर
आमचं घर इंदूरला, रामबागेत. खाली आई-बाबा आणि मी, वर दोन मुलं भाड्याने राहतात. क्लाससाठी भंवरकुआला जातात. वाय-फाय भाड्यातच धरलेलं आहे. लाइन लोकल केबलवाल्याची, डाउनलोड १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि अपलोड १०. संध्याकाळ झाली की सगळं अडकतं. माझ्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो, आईचा मावशीबरोबरचा व्हिडिओ कॉल गोठतो. केबलवाला दुपारी येतो, स्पीड टेस्ट दाखवतो आणि जातो.

मी नीट तपासलं. वर मुलांचा टोरेंट (फाइल तुकड्यातुकड्यांनी एकमेकांच्या मशीनवरून घ्यायची-द्यायची पद्धत) चालू असताना राउटरला पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ, २-३ मिलिसेकंद, बाहेरच्या सर्व्हरला ८०० च्या वर. टोरेंट थांबवला की बाहेरचं पिंग १५ वर येतं. म्हणजे वाय-फायचा दोष नाही. तुंबतो आहे तो अपलोड.

आई म्हणते, टोरेंट बंद म्हणजे बंद. मला हे अजिबात पटत नाही. टोरेंट १०० चा डाउनलोड खाऊन टाकतो म्हणून नेट बसतं असं सगळे धरून चालतात. मुळात डाउनलोड चालायलाही अपलोड लागतो, कारण आलेल्या पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, पोच परत पाठवावी लागते. साधारण दर दोन पॅकेटांमागे एक पोच धरली, तर १०० एमबीपीएसने डाउनलोड करताना नुसत्या पोचांनाच अपलोडचे सुमारे २ एमबीपीएस लागतात. टोरेंट घेता घेता वाटतही असतो. त्याने १० च्या १० भरून टाकले की पोचा रांगेत अडकतात आणि पाठवणारा सर्व्हर आपणहून हात आखडता घेतो. त्यात मोडेममध्ये १ एमबीची (म्हणजे ८ मेगाबिटची) रांग साचली असेल, तर १० एमबीपीएसच्या लाइनवर ती उपसायला ०.८ सेकंद लागतो. माझं ८०० चं पिंग इथून आलं. दोष रांगेचा आहे आणि रांग आवरता येते. मग बंदी कशाला?

सुदामानगरवाले
गणित बरोबर असेल, पण न्याय कुठे आहे? नर्मदेच्या पाण्याच्या लाइनीला थेट मोटर लावणाऱ्याला आपण पाइपाचं शास्त्र समजावत बसत नाही, मोटर काढायला लावतो. दोघांच्या हौसेसाठी तुमच्या आईचा कॉल का तुटावा? लाइन तुमच्या नावावर, बिल तुम्ही भरता. बंदी करा आणि मोकळे व्हा. तुमच्या आईंचं बरोबर आहे.

रामबागकर
दादा, मोटर ओढते तेवढं पाणी शेजाऱ्याचं कमी होतंच, त्याला इलाज नाही. इथे आहे. अपलोडला मर्यादा घातली की टोरेंटही चालतो आणि कॉलही चालतो. कुणाचंही न तोडता काम होत असेल, तर तोडायचं का?

तिसरा मजला
मी स्वतः इंदूरमध्ये भाड्याने राहते, म्हणून त्या मुलांच्या बाजूने लिहिते. टोरेंट म्हटलं की चोरीचा सिनेमाच, असं धरू नका. डेबियन आणि उबंटू या लिनक्स सिस्टिम स्वतःच्या साइटवर टोरेंट देतात, इंटरनेट आर्काइव्ह हे मोफत ऑनलाइन ग्रंथालय देतं. अभ्यासाचे मोठे डेटासेटसुद्धा असे मिळतात. अर्धवट तुटलेलं डाउनलोड तिथूनच पुढे सुरू होतं, तुकडा खराब आला तर तेवढाच पुन्हा येतो. आमच्याकडे लाइट जाते तेव्हा याची किंमत कळते. भाड्यात नेटचे पैसे घेता, तर काय वापरायचं हे घरमालकांनी ठरवू नये.

आणि आरोप करण्याआधी घरातले विंडोजवाले लॅपटॉपही बघा. विंडोज १० पासून अपडेटचे तुकडे दुसऱ्या मशीनांना वाटायची सोय सिस्टिममध्येच आहे. सेटिंग्जमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ शोधा. तिथे इंटरनेटवरच्या मशीनांनाही वाटायचा पर्याय निवडलेला असेल, तर तुमचा ऑफिसचा लॅपटॉपच अपलोड वापरत असेल. तो पर्याय बदलून फक्त घरातल्या नेटवर्कपुरता ठेवा.

तिलकनगरच्या काकू
बेटा, तुझं लिनक्स मान्य. पण आम्ही खोल्या भाड्याने देतो, आम्हाला कोण काय उतरवतंय ते दिसत नाही. टोरेंटमध्ये उतरवणारा त्याच वेळी वाटणाराही असतो, आणि वाटणाऱ्यांच्या यादीत आयपी पत्ता सगळ्यांना दिसतो. तो पत्ता अख्ख्या घराचा एकच. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड लिहिला आहे. चौकशी आली तर कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात आधी येणार. वेगाची भानगड राउटरने मिटेल, ही नाही मिटणार. माझ्याकडे नियम एकच आहे: ज्याला टोरेंट हवा त्याने आपल्या नावावर वेगळी लाइन घ्यावी.

तिसरा मजला
काकू, ही भीती खरी आहे, तिला मी नाही म्हणत नाही. पण मग नियम ‘चोरीचं उतरवायचं नाही’ असा करा. चोरीचं तर ब्राउझरमधूनही उतरतं.

राजेंद्रनगर नेटवर्क
नेटवर्क लावण्याचंच काम करतो, म्हणून मधे पडतो. बंदीवाले चूक आहेत, पण रामबागकर जितकं सोपं सांगत आहेत तितकंही ते नाही.

दोन्ही मुलांना ‘अपलोड कमी ठेवा’ सांगून भागणार नाही. टोरेंटमध्ये वेग किलोबाइटमध्ये लिहितात, प्लॅन मेगाबिटमध्ये. १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२५० किलोबाइट. ‘हजार टाकला’ म्हणणारा मुलगा लाइनचे ८० टक्के एकटा घेऊन बसलेला असतो, आणि तशी दोन मुलं आहेत. प्रत्येकी ३०० टाकायला सांगा, म्हणजे दोघांचे मिळून ५ एमबीपीएसच्या आत राहतील. उरलेल्यात पोचा आणि एक-दोन व्हिडिओ कॉल बसतात.

कनेक्शनची संख्या ही वेगळी कटकट. क्यूबिटटोरेंट हे टोरेंटचं सॉफ्टवेअर, ते मुळात एकूण ५०० पर्यंत कनेक्शन उघडतं. स्वस्त राउटरचं नॅट टेबल (चालू कनेक्शनची नोंदवही) त्यातच भरतं, मग पिंग ठीक असूनही नवीन पान उघडत नाही. १०० वर आणा.

‘नवीन टोरेंट आपोआप बाजूला होतो’ असंही पुष्कळदा ऐकू येतं. त्यात तथ्य आहे. टोरेंटचा यूटीपी प्रोटोकॉल (डेटा पाठवायची रीत) रांग वाढली की वेग कमी करतो. पण त्याची पद्धत ज्या मानकात लिहिली आहे, त्या २०१२ च्या आरएफसी ६८१७ मध्ये १०० मिलिसेकंदांपर्यंतची जादा रांग चालवून घेतली आहे. डाउनलोडला ते चालतं, बोलण्याला ते जाणवतं. शिवाय समोरच्याकडे यूटीपी नसेल तर साधं टीसीपीच, म्हणजे इंटरनेटची नेहमीची रीत, वापरलं जातं.

पक्का इलाज राउटरवरच. केबलवाल्याच्या डब्यामागे आपला राउटर लावायचा, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत सिस्टिम) चालेल असा, आणि त्यात एसक्यूएम (रांग आवरायची सोय) चालू करून केक ही त्यातली पद्धत निवडायची. अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली, १० असेल तर ९, म्हणजे रांग मोडेममध्ये न साचता आपल्या राउटरमध्ये येते. तिथे प्रत्येक कनेक्शनला आळीपाळीने वाटा मिळतो. हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेटं थेट चिपमधूनच पुढे सोडायची सोय) बंद करायला विसरू नका, नाहीतर एसक्यूएम चालू दिसेल आणि काम काहीच करणार नाही. मग पिंगची तीच चाचणी टोरेंट चालू ठेवून पुन्हा घ्या.

सुदामानगरवाले
एवढं करण्यापेक्षा कंपनीनेच टोरेंट हळू केला तर काय बिघडतं?

राजेंद्रनगर नेटवर्क
बरंच बिघडतं. अमेरिकेत कॉमकास्टने २००७ मध्ये टोरेंटची कनेक्शन मधूनच तोडली होती. ग्राहकाला न सांगता, ‘कनेक्शन तोडा’ सांगणारी बनावट रीसेट पॅकेटं घालून. आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायने २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या (सगळ्या ट्रॅफिकला सारखी वागणूक देण्याच्या) शिफारशी केल्या आणि दूरसंचार विभागाने त्या जुलै २०१८ मध्ये मान्य केल्या. आज कंपनी टोरेंट निवडून हळू करणार, उद्या तिला न परवडणारा व्हिडिओ कॉल. कुठलं ट्रॅफिक आधी जावं हे घरात ठरू दे, कंपनीत नको.

तिलकनगरच्या काकू
वेगाचं पटलं. डेटाचं काय? बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची हद्द असते आणि अपलोडही त्यात मोजला जातो. ५ एमबीपीएसने महिनाभर सीडिंग चाललं तर साधारण १६०० जीबी होतात. अर्धा प्लॅन गेला, तोही आपलं काम पूर्ण झाल्यावर नुसतं वाटण्यात.

रामबागकर
काकू, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता आणि तो वजनदार आहे. रांग आवरली तरी जीबी भरायचे थांबत नाहीत.

तिसरा मजला
रेशोची मर्यादा लावतात. जेवढं घेतलं तेवढं वाटून झालं की टोरेंट आपोआप थांबतो. रेशो १ ठेवला की टोरेंटचाही मान राहतो आणि तुमच्या डेटाचाही. पण शून्य नको. सगळ्यांनीच शून्य ठेवलं तर वाटणारा कुणी उरणार नाही.

सुदामानगरवाले
तो रेशो मुलांच्या लॅपटॉपवर असणार. बदलला तर कळणार कसं?

राजेंद्रनगर नेटवर्क
ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एनएलबीडब्ल्यूमॉन नावाचं पॅकेज टाका. कुठल्या मशीनने महिन्यात किती घेतलं आणि किती वर पाठवलं, वेगवेगळं दिसतं. काय उतरवलं ते दिसत नाही आणि दिसूही नये. वर पाठवलेला आकडा फुगला तर त्या मुलाशीच बोला, दोघांना एका मापाने मोजू नका.

सुदामानगरवाले
चालेल. तरी भाडेकरारात एक ओळ लिहून घ्या, रामबागकर. बोलून ठरलेलं जूनमध्ये मुलं बदलली की कुणाला आठवत नाही.