केबलने जोडलेल्या संगणकाचा वेग ९४ एमबीपीएसवरच का अडकतो?

प्रश्न
माझी फायबर जोडणी ३०० एमबीपीएसची आहे. राउटरजवळ फोनवर वाय-फायचा वेग २८०च्या आसपास भरतो. मात्र दुसऱ्या खोलीतील संगणक भिंतीतून नेलेल्या लॅन केबलने जोडलेला असूनही कोणत्याही वेळी ९४च्या पुढे जात नाही. मागच्या खोलीत फोनचाही वेग ३०पर्यंत उतरतो आणि सायंकाळी आणखी घटतो. राउटर बदलल्यास दोन्ही अडचणी सुटतील का?

उत्तर १
राउटर बदलण्याची घाई करू नये. फोनला २८० मिळतात, म्हणजे बाहेरून येणारा वेग राउटरपर्यंत व्यवस्थित पोहोचतो आहे. ९४ हा आकडा तर पुरेसा बोलका आहे: १०० एमबीपीएसच्या इथरनेट (लॅन केबलच्या) जोडणीत प्रत्येक पॅकेटसोबत, म्हणजे माहितीच्या तुकड्यासोबत, जाणाऱ्या जादा माहितीचा भार वजा केल्यावर साधारण एवढाच वेग हाती लागतो. या जोडणीला केबलमधील तारांच्या चारपैकी दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला, मात्र चारही लागतात. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतील एखादी तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तरी इंटरनेट बंद न पडता नुसते मंदावते आणि दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड (केबलवरील जोडणीचा वेग) १०० दिसतो की १०००, ते आधी पाहावे. काही फायबर मोडेमवर एकच पोर्ट गिगाबिटचा आणि बाकीचे १००चे असतात, तेही तपासावे.

उत्तर २
वाय-फायची अडचण निराळी आहे. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींमध्ये लवकर क्षीण होतात आणि फोन २.४ गिगाहर्ट्‌झच्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, उतरतो. या बँडवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल (बँडचे उपभाग) तीनच, १, ६ आणि ११. सायंकाळी शेजारचे सगळे राउटर त्यांतच दाटी करतात. कमी गर्दीचा चॅनेल निवडून रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवल्यास थोडा फरक पडेल, फार नाही. साधा रिपीटर मी सुचवणार नाही, कारण एकाच बँडवर ऐकून पुन्हा पाठवताना वेग सुमारे निम्मा होतो. त्या खोलीपर्यंत केबल नेऊन ॲक्सेस पॉइंट (केबलला जोडून वाय-फाय देणारे उपकरण) बसवणे अधिक चांगले.

प्रश्नकर्ता
लिंक स्पीड १०० दिसत होता. संगणक राउटरजवळ आणून त्याच पोर्टला लहान केबलने जोडल्यावर तो १००० झाला आणि वेगही २९०च्या वर गेला. आता भिंतीतील केबल नव्याने ओढावी लागेल का?

उत्तर ३
लगेच नाही. दोष बहुतेक वेळा मधल्या तारेत नसून टोकांशी असतो. दोन्ही टोके कापून सर्व आठ तारा एकाच रंगक्रमाने पुन्हा बसवाव्यात आणि केबल टेस्टरने प्रत्येक तार तपासावी. केबल ‘कॅट ५ई’ दर्जाची असेल, तर गिगाबिटसाठी १०० मीटरपर्यंत पुरेशी आहे. संगणकाच्या सेटिंगमध्ये वेग सक्तीने १००० करून मात्र पाहू नये; तांब्याच्या केबलवर गिगाबिट जोडणीसाठी दोन्ही उपकरणांनी आपसांत वेग ठरवणे आवश्यक असते, आणि तुटलेली जोडी सेटिंग बदलल्याने जुळत नाही.