'सुधारित साइन वेव्ह' म्हणजे नेमकं काय? शब्द बदलायला हवा का?

इंदिरानगरहून प्रश्न

आमच्या सोसायटीत इन्व्हर्टर विकणाऱ्यांचं मराठी पत्रक आलं आहे. त्यात दोन प्रकार छापलेत: 'शुद्ध साइन वेव्ह' आणि 'सुधारित साइन वेव्ह'. दुसरा स्वस्त आहे. खालच्या मजल्यावरचे काका मला विचारत होते, "सुधारित आहे तर मग शुद्धला जास्त पैसे कशाला मोजायचे?" शब्दावरून पाहिलं तर त्यांचं म्हणणं बरोबरच वाटतं. 'मॉडिफाइड'ला 'सुधारित' हा शब्द योग्य आहे का? नसेल तर काय लिहावं?

सातपूरहून, मोटार वाइंडिंगचं काम करणारा

ताई, काकांची चूक नाही, पत्रकाची आहे. आपल्याकडे कांद्याचं सुधारित वाण, पुस्तकाची सुधारित आवृत्ती, सुधारित वेळापत्रक म्हटलं की आधीच्यापेक्षा चांगलं असाच अर्थ निघतो. इथे साइन वेव्हमध्ये सुधारणा केलेली नाही. साइन वेव्हची कामचलाऊ नक्कल केलेली आहे.

बोर्डाची लाईट कशी असते ते आधी सांगतो. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजनिर्मिती केंद्रातल्या २१० मेगावॉटच्या संचाचं जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. फिरणाऱ्या चुंबकातून निघणारा दाब हळूहळू चढतो, ३२५ व्होल्टच्या आसपास शिखर गाठतो, तसाच हळूहळू उतरतो, शून्यावरून खाली जातो आणि परत येतो. आपण २३० म्हणतो तो याचा परिणामी आकडा. कुठेही धक्का नाही, कोपरा नाही.

बॅटरीत मात्र १२ व्होल्टचा सरळ, म्हणजे एकाच दिशेचा, दाब असतो. तो इन्व्हर्टर उलटसुलट करून वाढवतो. सगळ्यात साधी रीत म्हणजे एकदा पूर्ण वर, एकदा पूर्ण खाली. ती चौकोनी लहर, दुकानात 'स्क्वेअर वेव्ह'. यात वर आणि खाली यांच्या मधे थोडा वेळ शून्यावर थांबवलं की झाली 'मॉडिफाइड'. वर, शून्य, खाली, शून्य. म्हणजे सुधारणा झाली ती चौकोनी लहरीत, आणि नाव लावलं साइनचं. गोंधळ मुळात इंग्रजी नावातच आहे. मराठीत आणताना आपण तो वाढवला.

मी 'पायरीलहर' म्हणतो. गिऱ्हाइकाला कागदावर काढून दाखवलं की एका क्षणात कळतं.

गंगापूर रोडहून, गणित शिकवते

'पायरीलहर' छान आहे. 'साइन'बद्दल थोडं लिहिते, कारण पत्रकात तो शब्द परका म्हणून आला असला तरी त्याचं मूळ आपल्याकडेच आहे. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात 'ज्या' म्हणतात. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य आणि त्याची जीवा म्हणजे दोरी. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटीयात अर्धज्यांच्या किमती दिल्या आहेत. 'जीवा' अरबीत 'जिब' झाली. अरबी लिपीत स्वर लिहीत नसल्यामुळे तीच अक्षरं 'जैब' अशीही वाचता येतात, आणि जैब म्हणजे वस्त्राची घडी, खोळ. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी तोच अर्थ धरून 'सायनस' लिहिलं, आणि त्यातून साइन आला. परिभाषेत आपण अजूनही ज्या, कोज्या वापरतो.

तरीही पत्रकात 'ज्या-तरंग' लिहू नये असं माझं ठाम मत आहे. "ज्या तरंगामुळे पंखा आवाज करतो" असं वाक्य आलं की वाचणारा अडखळणारच. 'साइन' राहू द्या.

'शुद्ध' मात्र अगदी नेमका शब्द आहे. शुद्ध साइन म्हणजे एकच वारंवारता, ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० आवर्तनं), दुसरी मिसळलेली नाही. पायरीलहर गणिताने सोडवली तर ५० सोबत १५०, २५०, ३५० अशा विषम पटीतल्या वारंवारताही निघतात. भेसळ म्हणायची तर ती हीच.

सातपूरहून

बाईंनी सांगितलेली भेसळ कानाला ऐकू येते. रात्री लाईट गेली, घर शांत आहे आणि छताचा पंखा दोन नंबरवर आहे अशा वेळी ऐका. पायरीलहरीवर पंखा 'घूं' असा सूर धरतो. रेग्युलेटर कमी केला की कधीकधी सूर वाढतो. लाईट आली की त्याच पंख्याचा तो सूर बंद. जास्तीच्या वारंवारता मोटारीला फिरवायला उपयोगी पडत नाहीत, पण वाइंडिंग आणि लोखंड तापवतात. फ्रिजचा साधा कॉम्प्रेसर, मिक्सर, पाण्याचा पंप यांचंही तेच.

मोबाइलचा चार्जर, लॅपटॉप यांना सहसा त्रास नाही. ते आलेला दाब आधी सरळ करून घेतात, त्यामुळे आकार कसा होता याने फारसं बिघडत नाही. स्वस्त एलईडी नाईट लॅम्प आणि चार्जिंगच्या हातबॅटऱ्या (टॉर्च) मात्र जपा. त्यांच्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, नुसता कपॅसिटर असतो. कपॅसिटरमधून जाणारा करंट दाब किती झपाट्याने बदलतो त्यावर ठरतो, आणि पायरीच्या कडेला दाब एकदम उडी मारतो. प्रत्येक उडीला करंटचा झटका.

आणखी एक. साध्या मल्टिमीटरने पायरीलहर मोजली तर तो २३० ऐवजी १८० च्या आसपास दाखवू शकतो. इन्व्हर्टर बिघडला असं समजून लोक तो उचलून आणतात. मीटर साइनचा आकार गृहीत धरून हिशोब करतो, म्हणून चुकतो. 'ट्रू आरएमएस' लिहिलेला, म्हणजे कुठल्याही आकाराचा खरा परिणामी आकडा मोजणारा, मीटर लागतो.

पंचवटीहून

याच निमित्ताने 'इन्व्हर्टर' शब्दाचाही निकाल लावा. "हा इन्व्हर्टर फ्रिज आहे" असं दुकानात म्हणतात आणि आमच्याकडच्या वयस्कर मंडळींना वाटतं की लाईट गेल्यावर तो आपोआप चालेल.

गंगापूर रोडहून

दोन्हीकडे क्रिया एकच, काम वेगळं. फिरत्या दिशेची वीज सरळ करणारा तो रेक्टिफायर, त्याच्या उलट काम करणारा तो इन्व्हर्टर. डेव्हिड प्रिन्स या अमेरिकी अभियंत्याने १९२५ मध्ये याच नावाचा लेख लिहिला होता. फ्रिज किंवा एसीतला इन्व्हर्टर बोर्डाची वीज आधी सरळ करतो आणि मग हव्या त्या वारंवारतेची पुन्हा तयार करतो, म्हणजे कॉम्प्रेसर कमी-जास्त वेगाने फिरवता येतो. त्यात बॅटरी नसते. म्हणून लिहिताना 'घरचा इन्व्हर्टर' किंवा 'बॅटरीचा इन्व्हर्टर' असं म्हणावं.

इंदिरानगरहून

सगळ्यांचे आभार. पत्रकवाल्यांना 'शुद्ध साइन' आणि 'पायरीलहर, म्हणजेच मॉडिफाइड' असं सुचवते. दोन्ही नावं सोबत असावीत असं वाटतं, कारण खोक्यावर इंग्रजीच असतं.

सातपूरहून

बरोबर. दुकानात 'पायरीलहर' मागितलीत तर कोणाला कळणार नाही, तेव्हा तिथे इंग्रजी नावानेच विचारा. नुसतं "साइन वेव्ह आहे ना?" असं विचारू नका, कारण मॉडिफाइडवालाही "हो, साइनच" म्हणू शकतो. "प्युअर आहे का, आणि बिलावर तसं लिहून देता का?" असं विचारा. काकांच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा झोपेत श्वासासाठी लावायचं मशीन असेल, तर त्या मशीनच्या पुस्तिकेत कोणती वेव्ह चालते ते आधी बघायला सांगा. तिथे शुद्ध साइनच घ्यावी, दर पाहू नये.