अनुभव धागा: घरातल्या डायबेटिसवाल्याचं अचानक बिघडलं, तेव्हा हॉस्पिटल गाठायचं हे तुम्हाला कशावरून कळलं?

मीच सुरुवात करते. सासऱ्यांना सकाळपासून उलट्या, पोटात दुखतंय म्हणत होते, आम्ही अ‍ॅसिडिटी समजलो आणि पोटात काही नाही तर इन्सुलिन कशाला म्हणून तेही दिलं नाही, इथेच चुकलं. संध्याकाळी नुसते पडून होते पण श्वास जिना चढून आल्यासारखा, खोल आणि भराभर, तोंडाला नेलपेंट रिमूव्हरसारखा वास. शुगर ४६०. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून निघणारे कीटोन वाढून रक्तात आम्ल साठलं होतं. तीन दिवस आयसीयू. जेवण सुटलं तरी इन्सुलिन परस्पर बंद करायचं नसतं, हे तिथे कळलं.

~

आमच्याकडे उलटं. रात्री २ ला आई कपाट उपसत होती, काय शोधतेस विचारलं तर माझ्यावरच खेकसली, ती असं कधी बोलत नाही. गाउन घामाने पाठीला चिकटलेला, हात गार. मीटरवर ४१! तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, १५ मिनिटांनी ६३, परत पाजली, मग ताळ्यावर आली. सकाळी म्हणते, कुठलं कपाट?

~

वरच्या ताई, शुगर चढली म्हणून निवांत राहू नका. बाबांचीही अशीच पडली होती, ती परत १३० झाली म्हणून आम्ही झोपलो आणि पहाटे हाक मारली तर ओ देईनात. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी, त्यात किडनी कमजोर, औषध अंगात रेंगाळतं आणि शुगर परत पडते. भाऊ घाबरून ग्लुकोजचं पाणी तोंडात ओतायला निघाला होता, मी हात धरला, बेशुद्ध माणसाच्या ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवलं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. तिथे सलाईनमधून ग्लुकोज आणि पूर्ण दिवस नजरेखाली.

~

काकांच्या छातीत दुखलंच नाही हो. घाम, दम, मळमळ, बास. मीटर १८० म्हणून आम्ही म्हटलं दमले असतील, काकूच हटून बसली. ईसीजीत हार्ट अटॅक. जुन्या डायबेटिसने नसा बधिर होतात म्हणे, कळ जाणवतच नाही.

~

आजीला लघवीचं इन्फेक्शन, ताप, चार दिवस सारखी तहान आणि सारखं बाथरूम, मग दिवस दिवस झोपूनच. वय झालं म्हणून सोडून दिलं. मीटरवर आकडा येईना, नुसतं 'हाय', तर मी शहाण्याने सेल बदलले. आमच्या मीटरवर त्याचा अर्थ ६०० च्या वर. अंगातलं पाणी पार आटलं होतं.

~

मिस्टरांना डापाग्लिफ्लोझिन ही डायबेटिसची गोळी चालू आहे. उलट्या, धाप, सगळं धागा काढणाऱ्या ताईंच्या सासऱ्यांसारखं, पण शुगर फक्त २१०. या गोळीवर आकडा फार न चढताही कीटोन वाढू शकतात, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. दीर तर गाडी काढता काढता म्हणत होते, वहिनी, दोनशेदहाला कोण हॉस्पिटलात जातं.