बासरीला चालणारे प्रारूप पावसाला का पुरत नाही?

प्रश्न:
ध्वनीचे विश्लेषण करून तो पुन्हा निर्माण करणारा प्रोग्राम मी लिहीत आहे. ४४,१०० हर्ट्‌झच्या ध्वनिमुद्रणावर २,०४८ नमुन्यांची विंडो (एका वेळी तपासायचा छोटा तुकडा) सरकवत मी फूरिये रूपांतर करतो, म्हणजे प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या वारंवारतांत मोडतो, त्यातून मिळालेल्या वर्णपटातील शिखरे (सर्वांत जोरकस वारंवारता) शोधतो, लागोपाठच्या फ्रेममधील (तुकड्यांतील) शिखरे जोडतो आणि त्यांतून मिळालेल्या साइन लहरींची बेरीज करतो. बासरीचा दीर्घ स्वर जवळजवळ जसाच्या तसा परत मिळतो. पाऊस मात्र असंख्य बारीक शिट्ट्यांसारखा ऐकू येतो. लहरींची संख्या ६० वरून ३०० केली, तरी दोष गेला नाही. प्रारूपच (मॉडेलच) बदलावे का?

उत्तर १:
होय. आपण वापरलेली पद्धत मॅकॉले आणि क्वाटिएरी या संशोधकांनी १९८६ मध्ये मानवी वाणीसाठी मांडली होती, आणि वर्णपटातील शिखर काही काळ टिकते हे तिचे गृहीतक आहे. पावसात टिकणारे शिखर नसतेच. जे दिसते ते त्या क्षणापुरते योगायोगाने उंचावलेले असते, आणि त्याला लहर समजून पुढच्या फ्रेमशी जोडले की शिट्टी तयार होते. सेरा आणि स्मिथ यांनी १९९० मध्ये यावर उपाय सुचवला: स्थिर लहरी मूळ ध्वनीतून वजा कराव्यात आणि उरलेला भाग फिल्टरमधून काढलेल्या गोंगाटाने दर्शवावा. बासरीतील फुंकरीचा आवाजही यामुळे सुधारेल.

उत्तर २:
वरील उत्तर बासरीसाठी पूर्णपणे योग्य आहे. पावसासाठी ते अर्ध्यावर थांबते. वर्णपट अचूक जुळवलेला गोंगाट ऐकून पाहा: सरींऐवजी नुसता फुसफुसाट ऐकू येईल, कारण थेंबांचे सुटे आघात सरासरीत विरून जातात. पावसाची एकच ध्वनिफीत दोनदा ऐकली तरी कोणता थेंब केव्हा पडला हे कानाला आठवत नाही. आठवते ती त्याची घडण. म्हणूनच मॅकडरमॉट आणि सिमोन्सेली या संशोधकांनी २०११ मध्ये तरंगरूप (लहरीचा हुबेहूब आकार) सोडून संख्याशास्त्रीय मापे जपली. ध्वनी कानाच्या धर्तीवरील वारंवारता-पट्ट्यांत विभागून त्यांनी प्रत्येक पट्टीच्या आयामातील (जोरातील) चढउतारांची सरासरी, विचरण (मूल्यांची पसरण) आणि विषमता (मूल्यांचा एका बाजूला कल), तसेच पट्ट्यांमधील सहसंबंध मोजले, आणि यादृच्छिक गोंगाटाला हीच मापे येईपर्यंत बदलत नेले. पाऊस आणि कीटकांचा किर्र आवाज यांसाठी ही पद्धत समाधानकारक ठरते. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण ध्वनी साठवणे म्हणजे लहर साठवणे ही आपली सवय त्याने मोडते. ठरावीक ताल आणि स्पष्ट स्वर मात्र या मापांत हरवतात.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. माझ्या ध्वनिमुद्रणात पत्र्यावर पडणारे काही ठळक थेंबही आहेत. तेही याच मापांत बसतील का?

उत्तर २:
दाट सरीत बसतील. विरळ आणि ओळखता येण्याजोगे असतील, तर ते वेगळे काढावेत. आपली विंडो सुमारे ४६ मिलिसेकंदांची आहे, तर थेंबाच्या आघाताची सुरुवात काही मिलिसेकंदांतच होऊन जाते. त्यामुळे फेजकडे (लहर आपल्या चक्रात कुठे आहे याकडे) दुर्लक्ष झाले की तो आघात पूर्ण विंडोभर पसरतो आणि त्याची धार बोथट होते. विंडो लहान केली तर काळ नेमका सापडेल, पण बासरीचे जवळजवळचे स्वर वेगळे ओळखता येणार नाहीत. म्हणून प्रथम २५६ नमुन्यांच्या विंडोने आघातांच्या जागा निश्चित करा, ते तुकडे तरंगरूपातच जपा, आणि उरलेल्या सरीची मापे त्यानंतर घ्या.