रीस वॉल्श एवढ्या कमी वयात इथवर कसा पोहोचला?

प्रश्न (परभणी): आमच्या मैदानावर कबड्डीचा सराव करणारी मुले हल्ली मोबाइलवर ऑस्ट्रेलियातील रग्बी लीग पाहतात आणि ब्रिस्बेन ब्रॉन्कोजच्या रीस वॉल्शचे नाव सतत घेतात. त्याचा जन्म २००२ चा. त्याच्या प्रगतीमागचे कारण जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (लातूर): वॉल्श २०२१ मध्ये, अठराव्या वर्षी, न्यूझीलंड वॉरियर्सकडून एनआरएलमध्ये (ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगची सर्वोच्च स्पर्धा) उतरला आणि २०२३ मध्ये ब्रॉन्कोजकडे आला. त्या वर्षीचा अंतिम सामना पेनरिथ संघाने ब्रॉन्कोजकडून २६-२४ असा हिसकावला. २०२५ मध्ये मात्र मेलबर्न स्टॉर्मला २६-२२ असे नमवून संघ विजेता ठरला आणि सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे क्लाइव्ह चर्चिल पदक वॉल्शला मिळाले. तो फुलबॅक आहे, म्हणजे तेरा जणांत सर्वांत मागे उभा राहून उंच आलेला चेंडू अंगावर धावून येणाऱ्यांची पर्वा न करता झेलायचा आणि आपला संघ चढाईवर असताना ऐन वेळी फळीत घुसून बचावातील फट शोधायची. सहाव्या टॅकलला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून थांबवणे म्हणजे टॅकल) चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जात असल्याने तिथे रेंगाळायला वावच नसतो, आणि त्याचा वेग नेमका तिथेच कामी येतो.

उत्तर (बीड): वरील माहिती योग्यच आहे, परंतु २०२३ मध्ये मैदानावरील अपशब्दांमुळे त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी आली होती, हेही मुलांना सांगावे. तसेच टॅकलचा सराव, कबड्डीपटू असले तरी, प्रशिक्षकाविना मुळीच करू देऊ नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. प्रशिक्षक मिळेपर्यंत उंच चेंडू झेलण्याचाच सराव घेऊ.